पानाची मांडणी आणि वाचकाचा डोळा

चांगला मजकूर वाचकानें अर्ध्यावर टाकला म्हणजे दोष लेखकाच्या माथीं येतो. परंतु पुष्कळदां अपराध पानाच्या मांडणीचा असतो. वाचतांना डोळा ओळीवरून संथपणें सरकत जातो, असें सर्वांस वाटतें. फ्रेंच नेत्रवैद्य एमिल झाव्हाल यांच्या पॅरिस येथील प्रयोगशाळेंत १८७९ च्या सुमारास निराळेंच आढळलें. डोळा टोळासारखा उड्या घेतो, मध्यें क्षणभर थबकतो, आणि थबकला असतांनाच अक्षरें टिपतो. ओळ संपतांच त्याला एक लांब उडी मागें घ्यावी लागते. ओळ फार लांब असल्यास ही उडी चुकते व वाचलेलीच ओळ पुन्हां हातीं येते. वर्तमानपत्रांचे अरुंद रकाने या कामीं सोईचे पडतात.

देवनागरींत अडचण अधिक. अक्षरांच्या डोक्यावर वेलांट्या, मात्रा, रफार, पायाशीं उकार. दोन ओळींत पुरेशी जागा नसली म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीस भिडतो. श्रोत्यांनीं एखादें दाट छापलेलें पोथीवजा पुस्तक उघडून पाहावें. कागद वांचविण्यासाठीं हें अंतर चोरणाऱ्यांस काय म्हणावें!

झाव्हाल स्वतः पुढें काचबिंदूनें अंध झाले. तरीहि वाचन व लेखन यांवरील त्यांचा ग्रंथ १९०५ सालीं प्रसिद्ध झाला.