दुर्बिणीचं ऑपरेशन : गुडघ्यात डॉक्टर पाहतात कुठून?

पार्क स्टेडियमवर कबड्डी खेळताना असो की विजापूर रोडवर दुचाकी घसरून, गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट तुटलं की सल्ला मिळतो, ‘दुर्बिणीतून करून घ्या.’ टाके मोजकेच, म्हणून ऑपरेशन किरकोळ समजू नका.

दुर्बीण साधारण ४ मिलिमीटर जाडीची. सलाईनने सांधा फुगवून ती आत घालतात. तिचं भिंग ३० अंश तिरकं असतं. नुसती फिरवली तरी कडेचं दिसतं. रक्तस्राव झाला की पडदा लाल होतो, म्हणून पाण्याचा दाब सांभाळावा लागतो.

खरी कसोटी पुढे. मांडीमागचा टेंडन घेऊन नवं लिगामेंट करतात आणि ते बसवायला मांडीच्या हाडात बोगदा पाडतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या छिद्रातून ही जागा तिरकी दिसते, अंतराचा अंदाज फसू शकतो. त्यामुळे अनेक सर्जन दुर्बीण आतल्या बाजूच्या छिद्रात हलवतात. तिथून जागा समोरासमोर दिसते. काही जण ७० अंशांची दुर्बीण वापरतात. एवढा खटाटोप का? बोगदा चुकीच्या जागी पडणं हे नवं लिगामेंट निकामी होण्याचं एक प्रमुख कारण आहे.

ऑपरेशननंतरच्या एक्स-रेमध्ये बोगद्याची जागा कळते. डॉक्टरांकडून ती समजावून घ्या.