चुकलेल्या नाण्यांचा मागोवा

१ एप्रिल १९५७ रोजी आण्यांचा हिशेब मागे पडला आणि शंभर नव्या पैशांचा रुपया सुरू झाला. तेव्हापासून टांकसाळींनी अब्जावधी नाणी पाडली, ती बहुतेक बिनचूक. थोडी मात्र यंत्राच्या चुकीची खूण अंगावर घेऊनच बाजारात आली. पूर्वी ती 'बद्द' ठरत आणि हाती येताच खपवायची घाई होई. आज त्यांच्यामागे संग्राहक धावतात.

चूक ठरायला आधी नेमकेपणा ठरलेला असावा लागतो. मराठेशाहीतल्या शिवराई नाण्यावर पूर्ण मजकूर क्वचितच दिसतो, कारण तांब्याचा तुकडा बऱ्याचदा ठशापेक्षा लहान असे आणि घाव हाताने घातला जाई. तिथे सरकलेला छाप कोणी दोष मानत नाही. यंत्रावर मात्र वजन, व्यास, कड आणि दोन्ही बाजूंची दिशा ठरलेली असते. त्यातले काही बिघडले, तरच संग्राहकाच्या भाषेत 'एरर'.

आपल्या पिढीच्या हाती अशी नाणी जास्त आली ती १९९२ नंतरच्या मालिकेतली : पोलादी रुपया, अकरा कोनांचे दोन रुपये, जाड कडेचे पाच रुपये. त्यांतला 'लखी' रुपया हातात घेऊन पाहावा. एका बाजूला सिंहमुद्रा नेहमीसारखी उठावदार. उलटवले तर तीच मुद्रा, पण आत दबलेली आणि आरशात पाहिल्यासारखी उलटी. आधीचे नाणे साच्याला चिकटून राहिले आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर साच्याऐवजी त्या नाण्याचाच ठसा बसला, की असे होते. लबाडी करणारे दोन नाणी एकमेकांवर दाबून हेच दाखवू पाहतात. पण मग भिंगाखाली मूळ नक्षीचे अवशेष दिसतात आणि मागची बाजू चेपलेली असते.

फिरलेला साचा ओळखणे आणखी सोपे. आपली नाणी वरून-खालून चिमटीत धरून उभ्या अक्षावर फिरवली, तर मागची बाजूही सरळच दिसायला हवी. ती तिरपी किंवा उलटी आली, तर साचा फिरला होता. थोडासा तिरपेपणा मात्र नेहमीचाच, त्याला कोणी फार मोजत नाही. छाप बाजूला सरकून कोरी चंद्रकोर उरली असेल आणि तरीही साल वाचता येत असेल, तर त्या नाण्याला चांगला भाव येतो. साच्याला तडा गेला, तर नाण्यावर बारीक उठावदार रेघ येते. खाली दबलेली रेघ म्हणजे बाहेर पडलेला ओरखडा.

चुकीची चकती ओळखायला छोटा वजनकाटा पुरतो. त्या मालिकेतले दोन रुपये तांबे-निकेलचे, वजन ६ ग्रॅम. रुपया पोलादी, ४.८५ ग्रॅम. दोनचा छाप असलेले नाणे रुपयाइतके भरले आणि चुंबकाला चिकटले, तर ते जपून ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

याच काळात गैरसमजही वाढले. १९८५च्या काही रुपयांवर सालाखाली 'एच' अक्षर आहे, तर १९९९-२०००च्या काही पाच रुपयांवर रशियन अक्षरे. या चुका नव्हेत. ती नाणी अनुक्रमे बर्मिंगहॅम आणि मॉस्को इथे पाडून घेतली होती. हैदराबादचा तारा आणि नोएडाचा ठिपका याही साध्या खुणाच. दहा रुपयांच्या नाण्यांचे वेगवेगळे चेहरे पाहून लोक ती नाकारू लागले, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले, की चौदाही नक्षी खऱ्या आहेत.

मग मोबाइलवर लाखोंच्या किमती फिरू लागल्या. जुनी नाणी विकून देतो म्हणून शुल्क उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला. ते लोक बँकेचेच नाव वापरत होते. या फसवणुकीत कष्टाचा पैसा जातो आणि खऱ्या अभ्यासाची बदनामी होते, याचे मला मनापासून वाईट वाटते. विक्रेत्याने मागितलेली रक्कम ही किंमत नव्हे. लिलावात खरोखर मोजली गेलेली रक्कम ती किंमत. ती ठरते चूक किती ठळक, किती दुर्मीळ, नाणे कितपत न झिजलेले आणि घेणारे किती यावर. झिजलेला आकडा, ॲसिडने पातळ केलेली कड, हातोडीने चेपलेला काठ यांची किंमत दर्शनी मूल्याएवढीच.

या साऱ्या काळाने शिकवलेली गोष्ट एकच : चूक टांकसाळीत झाली की टांकसाळीबाहेर, हा प्रश्न आधी सोडवायचा, भावाचा नंतर. म्हणून वेगळे नाणे मिळाले, तर ते घासूनपुसून चमकवू नका. वजन, साल आणि टांकसाळीची खूण लिहून ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. चूक कशी घडली हे ज्याला सांगता येते, त्याला कोणी सहज फसवू शकत नाही.