कॅमेऱ्याची पिशवी : थोडा विचार, थोडा विवेक

चातुर्मास संपला की आपल्या घराघरांतून तीर्थयात्रेचे बेत आखले जातात. कारंजा, शिरपूर आणि वऱ्हाडच्या सीमेवरील मुक्तागिरी ही तर आपल्या अगदी जवळची क्षेत्रे. अलीकडे यात्रेला निघालेल्या मुलानातवंडांजवळ चांगला कॅमेरा असतो. परंतु तो ज्या पाठपिशवीतून न्यायचा, तिची निवड मात्र घाईघाईने उरकली जाते.

माझ्याकडूनही तेच घडले. सेवानिवृत्तीनंतर छायाचित्रणाचा छंद लागला, तेव्हा दुकानातील सर्वांत मोठी पिशवी मी घेतली. पुढे एका तीर्थक्षेत्री मंदिराच्या पायरीशी स्वयंसेवकाने हात जोडून तिच्या मुठीकडे लक्ष वेधले. मुठीला चामड्याची पट्टी होती! कित्येक महिने ती पाठीवर वागवूनही मला त्याची जाणीव नव्हती. कॅमेरा बाहेर ठेवण्याचा धीर होईना. सौभाग्यवती दर्शन घेऊन आल्या, तोवर बस सुटण्याची वेळ झाली. माझे दर्शन राहूनच गेले.

म्हणून आपल्यासाठी पहिली कसोटी साहित्याची. बहुतेक पिशव्या नायलॉन वा पॉलिएस्टरच्या असतात. पण मूठ, चेनच्या टोकाची पट्टी, तळ किंवा बोधचिन्ह चामड्याचे असू शकते. मेणकापडाची पिशवी असल्यास मेण मधमाश्यांचे आहे काय, हेही विचारावे. भिंग झाडण्याचा ब्रश पुष्कळदा बकरीच्या केसांचा असतो. त्याऐवजी रबरी हवापंप आणि मायक्रोफायबरचे कापड पुरेसे आहे.

दुसरी कसोटी वजनाची. देशांतर्गत विमानप्रवासात हातातील सामानाची मर्यादा साधारणतः ७ किलो असते. पिशवीच रिकामी असताना २ किलोची असेल, तर उरतात अवघे ५ किलो. शिवाय सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातील सामानातच ठेवाव्या लागतात. मुक्तागिरीच्या पायऱ्या चढताना तर प्रत्येक पावशेर जाणवतो. एक कॅमेरा व दोन भिंगे यांसाठी २० ते २५ लिटरची पिशवी पुरते. रुंद, गादीचे पट्टे आणि छातीवरील बंद अवश्य पाहावेत.

तिसरी कसोटी रोजच्या उपयोगाची. आतील गादीचा कप्पा संपूर्ण काढता येणारा असावा. यात्रेत त्यात कॅमेरा राहील. एरवी तो कपाटात ठेवून त्याच पिशवीतून दुकानाच्या वह्या, लॅपटॉप आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचा डबा नेता येईल. उकळलेल्या पाण्याची बाटली मात्र बाहेरच्या खिशातच हवी.

चौथी सुरक्षिततेची. पाठीच्या बाजूने उघडणारी पिशवी गर्दीत कुणाला परस्पर उघडता येत नाही. पावसासाठी वेगळे आच्छादन असावे. पावसाळ्यात कॅमेरा महिनोन्‌महिने पिशवीत कोंडून ठेवू नये. दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि उन्हाळ्यात पिशवी बंद मोटारीत सोडू नये.

या साऱ्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा : मला खरोखर काय काय न्यायचे आहे? परिग्रहाचे परिमाण आधी ठरले, की पिशवीचा आकार आपोआप ठरतो. मी उलट क्रमाने गेलो होतो. पिशवी मोठी म्हणून वस्तू वाढत गेल्या.

आता माझ्याकडे लहान, साधी, कापडी पिशवी आहे. बार्शीटाकळीचे कालंकादेवीचे हेमाडपंती मंदिर, ज्यात शके १०९८, म्हणजे इ.स. ११७६ चा शिलालेख आहे, त्याच्या बाह्यभिंतींची छायाचित्रे सकाळच्या उन्हात घेण्यास मी तीच घेऊन जातो. त्याच पिशवीतून येताना भाजीही येते.

गेल्या वर्षी त्याच तीर्थक्षेत्री पुन्हा जाण्याचा योग आला. पिशवी पाठीवर घेऊनच आत गेलो. गाभाऱ्यात छायाचित्रणास मनाई होती. कॅमेरा बाहेर काढलाच नाही. शांतपणे दर्शन घेतले आणि मागची बाकी फिटली.