लाडमोडच्या लेकराचा दात

शाळेची सहल म्हटली की आपल्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात बस शिर्डीला जाते, नाहीतर शनिशिंगणापूरला. शिंगणापूर ज्या नेवासे तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात प्रवरेकाठी लाडमोड टेकडी आहे. तिथे मात्र बस थांबत नाही. १९५४ पासून डॉ. ह. धी. सांकलियांनी इथे उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली त्यांना लेकरे सापडली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत इवलीशी हाडे. एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, मण्यांत धागाही शिल्लक होता. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादलाही अशीच दफने मिळाली.

ही लेकरे कशाने गेली? हा प्रश्न वर्गापुढे ठेवावा, असे आम्हाला वाटते. कोणी झटकन म्हणेल, साथ आली असेल, प्लेग असेल. मास्तरांनी नेमके इथेच थांबवावे. प्लेग माणसाला काही दिवसांतच नेतो, हाडावर खूण उमटायला वेळच मिळत नाही. पुरावा राहिलाच तर दाताच्या पोकळीत, जंतूच्या डीएनएच्या रूपाने. लंडनमधल्या १३४८च्या महामारीच्या दफनभूमीतल्या दातांवरून शास्त्रज्ञांनी २०११ साली प्लेगच्या जंतूची जनुकीय रचना वाचली. २०१५ साली युरोप-आशियातल्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या दातांतही तो जंतू सापडला. कोणी सांगितले म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले होते. प्रयोगशाळा दुसरे काय सांगते?

पण दात तपासायचा म्हणजे त्याचा भुगा करावा लागतो. मेलेल्याची परवानगी कोण देणार? माणसाचे शरीर मोजणाऱ्यांचा अनुभव आपल्या समाजाला आहे. रिस्लेने १९०१च्या जनगणनेच्या काळात नाकांच्या मापावरून जातींची उतरंड लावली. बाबासाहेबांनी १९४८च्या 'द अनटचेबल्स'मध्ये असल्याच मापांचा आधार घेऊन, अस्पृश्य आणि ब्राह्मण वेगळ्या वंशांचे नाहीत, हे दाखवून दिले. मोजपट्टी कोणाच्या हातात आहे, याकडे म्हणून आपले लक्ष असले पाहिजे.

आणि साथ आली की काय होई? मरीआईचा कोप झाला म्हणायचे आणि गाडा शिवेबाहेर ढकलायचा. अंगावर कोरडे ओढून घेणारा पोतराज पुन्हा आपल्याच वस्तीतला! सावित्रीमाईंनी दुसरी वाट दाखवली. त्यांचे अध्यापनाचे शिक्षण याच नगरात मिस फरार यांच्याकडे झाले. १८९७च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांचा आजारी मुलगा पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचल्या, आणि १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. साथीचा धडा शिकवायचा तर जंतूच्या नावाबरोबर हेही नाव फळ्यावर यावे.

तेव्हा एकदा बस लाडमोडला लावा. माळ घातलेल्या त्या लेकराचा दात फोडावा की नाही, यावर पोरापोरींना तिथेच बसून वाद घालू द्या. मास्तरांनी मध्ये बोलू नये.