कंधारचे निवाडे व १९२१ चें फर्मान

कंधार तालुक्यांतील जुन्या कागदांचा काल ठरवितांना संग्राहक लिपि, भाषा व शिक्का पाहतात. हैदराबाद संस्थानांत १८८४ चे सुमारास फारसीच्या जागीं उर्दू आली, ही खूण सर्वांच्या परिचयाची आहे. निवाड्याखालीं सही कोणत्या अधिकाऱ्याची, हें मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. आणि संस्थानच्या राज्यघटनेचा सारा प्रश्न तर तेथेंच आहे.

१९२१ पूर्वीं जिल्ह्याचा तालुकदार व तालुक्याचा तहसीलदार यांजकडे वसुलाबरोबर न्यायाचेही अधिकार असत. शेतसारा घेणारा तोच आणि फिर्याद ऐकणाराही तोच. कुळाची दाद कितपत लागत असेल, हें वाचकांनींच ताडावें. १९२१ त निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानानें हीं दोन्ही कामें विभक्त झालीं. हीच मागणी काँग्रेस ब्रिटिश सरकारकडे १८८६ पासून करीत होती, आणि शेजारच्या मुंबई राज्यांत तसा कायदा होण्यास १९५१ साल उजाडावें लागलें. निजामी राजवटीविषयीं आमचें मत कांहींही असो, हें श्रेय तिचें तिला दिलेंच पाहिजे.

परंतु फर्मानानें दिलेलें फर्मानानें काढूनही घेतां येतें. १९२८ ची हायकोर्टाची सनद निजामाचीच. मीर महबूब अली खान यांच्या कारकीर्दींतील ‘कानूनचा-ए-मुबारक’ यांत कारभाराचे नियम लेखनिविष्ट झाले खरे, पण ते नियम करणाऱ्यास बांधणारे नव्हते. अरवमुदू अय्यंगार समितीच्या मागून १९३९ त ज्या सुधारणा जाहीर झाल्या, त्यांतही अखेरची सत्ता निजामाचीच राहिली. न्यायाधीश तहसीलदारापासून स्वतंत्र झाला, राजापासून नव्हे.

हा भेद नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानानें मिटला. त्यांत निजामांनीं भारताची राज्यघटना हैदराबादकरितां स्वीकारली. तिची कसोटी लवकरच लागली, आणि तीही लातुरांत वकिली केलेल्या कासीम रझवी यांच्या खटल्यांत. रझाकारांच्या या पुढाऱ्यानें, लष्करी अंमलांत स्थापिलेल्या विशेष न्यायालयाची कार्यपद्धति समतेच्या कलमाविरुद्ध आहे, असा आक्षेप सर्वोच्च न्यायालयापुढें घेतला. १९५३ त तो बहुमतानें फेटाळला गेला. तथापि दोघां न्यायमूर्तींनीं भिन्न मत नोंदविलें. निकालापेक्षां आम्हांस हें भिन्न मतच अधिक मोलाचें वाटतें.

१९२१ च्या अलीकडील व पलीकडील कंधारचे निवाडे ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं ते एकत्र लावून सहीचा हुद्दा अवश्य टिपून ठेवावा. जहागिरीच्या गांवचे कागद मात्र वेगळे काढावेत. तेथील न्यायाची व्यवस्था निराळी असे.