बहात्तर हजार लिटरचा हिशेब

अंबरनाथच्या एमआयडीसीत, आनंदनगर किंवा मोरिवलीच्या बाजूला, रंग-रसायने बनवणाऱ्या एखाद्या लहान कारखान्याची कल्पना करू या. मालाला मागणी आहे, कामगार आहेत, यंत्रेही आहेत. पण पाणी मोजून मिळते आणि माल वाळवण्याचा ड्रायर एकच आहे. अशा वेळी कोणता माल किती बनवावा?

हा प्रश्न एका कारखान्यापुरता नाही. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे आपल्या एमआयडीसीने, बदलापूरजवळ बारवी नदीवर धरण बांधले. त्याचे पाणी केवळ कारखान्यांना जात नाही. जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन ते उल्हासनगरसारख्या शहरांच्या घराघरांतही पोचते. धरणाची उंची वेळोवेळी वाढवली गेली, तरी मागणी त्याहून वेगाने वाढत राहिली. पावसाने ओढ दिली, की आठवड्यातून काही दिवस पाणी बंद ठेवण्याची वेळ येते. २०१६ चा उन्हाळा ठाणे जिल्ह्यातील वाचकांना आठवत असेल.

साधने मर्यादित आणि मागण्या अनेक, अशा वेळी सर्वांत चांगली वाटणी कशी शोधायची, याचा गणिती विचार करणाऱ्या शास्त्राला ऑपरेशन्स रिसर्च म्हणतात. त्यातील सर्वांत जास्त वापरले जाणारे तंत्र म्हणजे लिनिअर प्रोग्रॅमिंग, मराठीत म्हणायचे तर रेषीय नियोजन. नाव भारदस्त असले तरी त्याची सुरुवात दहावीच्या 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' या प्रकरणातून करता येते.

कारखान्याचे गणित

आपल्या कल्पनेतील कारखाना दोन रंग बनवतो, लाल आणि निळा. आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत, पण त्यांचे स्वरूप प्रत्यक्षातल्यासारखेच आहे.

लाल रंगाच्या एका बॅचला ३ हजार लिटर पाणी आणि ड्रायरचे ३ तास लागतात. नफा ४,५०० रुपये. निळ्याच्या एका बॅचला २ हजार लिटर पाणी आणि ड्रायरचे ४ तास लागतात. नफा ४,००० रुपये. कारखान्याला रोज १२ हजार लिटर, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्यात ७२ हजार लिटर पाणी मिळते. ड्रायर रोज दोन पाळ्या, म्हणजे आठवड्यात ९६ तास चालतो.

लालच्या क्ष आणि निळ्याच्या य बॅचेस काढायच्या असे मानू. मग अटी अशा होतील:

पाणी: ३क्ष + २य ≤ ७२
ड्रायर: ३क्ष + ४य ≤ ९६
शिवाय क्ष ≥ ०, य ≥ ०

आणि ४५००क्ष + ४०००य ही नफ्याची राशी जास्तीत जास्त मोठी करायची आहे. तिला उद्दिष्ट फल म्हणतात.

व्यवहारातली पहिली सूचना कोणती येईल? 'लालमध्ये नफा जास्त, तर सगळा लालच काढा.' पाणी पुरेल तोवर लालच्या २४ बॅचेस निघतील आणि नफा १,०८,००० रुपये होईल. पण ड्रायर तेव्हा ७२ तासच चालेल, २४ तास रिकामा राहील. सगळा निळा काढला तर ड्रायर २४ बॅचेसमध्ये भरतो, नफा ९६,००० रुपये होतो आणि २४ हजार लिटर पाणी उरते. दोन्ही वेळा काहीतरी पडून राहते.

आता आलेख कागद घ्या. पाण्याची रेषा (२४, ०) आणि (०, ३६) या बिंदूंतून जाते. ड्रायरची रेषा (३२, ०) आणि (०, २४) या बिंदूंतून. दोन्ही रेषांच्या आतल्या बाजूला एक चौकोन तयार होतो. त्याचे शिरोबिंदू (०, ०), (२४, ०), (१६, १२) आणि (०, २४) आहेत. या चौकोनातला प्रत्येक बिंदू म्हणजे कारखान्याला जमू शकणारी एक योजना. म्हणून त्याला शक्य प्रदेश म्हणतात.

या असंख्य बिंदूंपैकी चांगला कोणता? ३६,००० रुपये नफा देणारे सगळे बिंदू एका रेषेवर असतात. ती (८, ०) आणि (०, ९) यांना जोडते. ७२,००० ची रेषा (१६, ०) आणि (०, १८) यांना जोडते. या रेषा एकमेकींना समांतर आहेत. पहिल्या रेषेवर पट्टी ठेवा आणि दिशा न बदलता ती बाहेर सरकवत न्या. नफा वाढत जाईल. चौकोन सोडण्यापूर्वी पट्टी शेवटी ज्या जागी टेकेल, तेच उत्तर. पट्टी नेहमी एखाद्या कोपऱ्यालाच शेवटचा स्पर्श करते. ती एखाद्या बाजूला समांतर असली तर संपूर्ण बाजूला टेकते, पण त्या बाजूच्या टोकांनाही कोपरे असतातच. म्हणून असंख्य बिंदू तपासण्याची गरज नाही. फक्त कोपरे पाहिले की पुरते.

आपल्या उदाहरणात पट्टी (१६, १२) वर थांबते. लालच्या १६ आणि निळ्याच्या १२ बॅचेस. नफा ७२,००० + ४८,००० = १,२०,००० रुपये. तेवढेच पाणी, तोच ड्रायर, तेच कामगार, आणि तरीही 'सगळा लाल' या योजनेपेक्षा आठवड्याला बारा हजार रुपये जास्त.

पाणी एक दिवस बंद

आता कपात आली. आठवड्यातून एक दिवस पाणी बंद, म्हणजे ७२ ऐवजी ६० हजार लिटर. सहावा भाग गेला, म्हणून दोन्ही रंगांचे उत्पादन सहाव्या भागाने कमी करावे असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे केले तर नफा १,००,००० रुपयांवर येतो.

पाण्याची नवी रेषा ३क्ष + २य = ६० अशी काढून पाहा. ती ड्रायरच्या रेषेला (८, १८) येथे छेदते. लाल निम्म्यावर आणायचा आणि निळा मात्र १२ वरून १८ वर न्यायचा! नफा १,०८,००० रुपये. टंचाईत एका मालाचे उत्पादन वाढवणे हे उत्तर सहज सुचणारे नाही. पण त्याचे कारण सोपे आहे. पाणी कमी झाले, ड्रायर तेवढाच राहिला. तेव्हा कमी पाणी पिणाऱ्या मालाकडे वळणे फायद्याचे ठरते.

यातून आणखी एक गोष्ट हाती लागते. १२ हजार लिटर कमी झाले आणि नफा १२,००० रुपयांनी घटला. म्हणजे या कारखान्याला हजार लिटर पाण्याचे मोल १,००० रुपये आहे. पाण्याचे बिल कितीही येवो, हे मोल बिलात लिहिलेले नसते. त्याला छाया किंमत म्हणतात. जादा पाण्यासाठी टँकर मागवावा का, याचा निर्णय तिच्या आधारे घेता येतो. ड्रायरच्या एका तासाची छाया किंमत ५०० रुपये येते. ती विद्यार्थ्यांना काढायला द्यावी.

छाया किंमत कायम राहत नाही, हेही लक्षात घ्यावे. पाणी दोन दिवस बंद राहिले, तर ४८ हजार लिटर उरतात आणि (०, २४) ही योजना येते. लाल पूर्ण थांबतो. त्याहून जास्त कपात झाली, तर प्रत्येक हजार लिटरमागे २,००० रुपये बुडतात. टंचाई वाढली की टंचाईची किंमतही वाढते.

हे शास्त्र आले कोठून?

रशियन गणिती लिओनिद कांतोरोविच यांच्यासमोर प्लायवुडच्या कारखान्यांतील यंत्रांना काम वाटून देण्याचा प्रश्न आला आणि १९३९ साली त्यांनी या पद्धतीचा पाया घातला. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये रडार, विमाने आणि जहाजांचे तांडे कसे वापरावेत याचा अभ्यास शास्त्रज्ञांचे गट करत होते. पॅट्रिक ब्लॅकेट हे भौतिकशास्त्रज्ञ त्यांत आघाडीवर होते. लष्करी मोहिमांवरचे, म्हणजे ऑपरेशन्सवरचे संशोधन, म्हणून हे नाव पडले. युद्धानंतर १९४७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी सिम्प्लेक्स ही रीत शोधली. एका कोपऱ्यावरून शेजारच्या जास्त चांगल्या कोपऱ्यावर जायचे आणि सुधारणा थांबली की उत्तर मिळाले, अशी ती रीत आहे.

दोन चलांसाठी कागद पुरतो. पण ५० चले आणि ५० अटी असतील, तर शून्यापेक्षा कमी नसण्याच्या अटी धरून तपासायच्या छेदनबिंदूंची संख्या एकावर २९ शून्ये इतकी होऊ शकते. सिम्प्लेक्स त्यांतले बहुतेक टाळते, पण कधी कधी तिलाही फार फिरावे लागते, असे १९७२ मध्ये दाखवले गेले. १९८४ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये काम करणाऱ्या नरेंद्र करमरकर यांनी वेगळाच रस्ता मांडला. कडेकडेने न जाता प्रदेशाच्या आतूनच उत्तराकडे जायचे. फार मोठ्या प्रश्नांत ही रीत उपयोगी ठरली आणि जगभर तिची चर्चा झाली. ग्वाल्हेरला जन्मलेले करमरकर मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी होते, हे आपल्या वर्गात जरूर सांगावे.

न लिहिलेली अट

आपल्या कारखान्याकडे परत येऊ. आपण पाण्याची आणि ड्रायरची अट लिहिली. वापरून झालेले पाणी कोठे गेले, हे मात्र विचारले नाही. समजा, लालच्या बॅचमागे २ हजार आणि निळ्याच्या बॅचमागे १ हजार लिटर सांडपाणी निघते, आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र आठवड्याला ३९ हजार लिटरच घेते. तर तिसरी अट:

२क्ष + य ≤ ३९

(१६, १२) या योजनेत सांडपाणी ४४ हजार लिटर होते. म्हणजे ती योजना आता चालणार नाही. नवे उत्तर (१२, १५) असे येते आणि नफा १,१४,००० रुपये. या योजनेला पाणी ६६ हजार लिटरच लागते. सहा हजार लिटर पाणी उरते, तेव्हा पाण्याची छाया किंमत शून्य झाली. टँकर आता फुकट मिळाला तरी नफा वाढणार नाही. खरी अडचण पाण्याची नसून सांडपाण्याची आहे, हे तिसरी अट लिहिल्यावरच कळले.

ही अट पाळण्यासाठी आठवड्याला ६,००० रुपये सोडावे लागतात. कोणी ती पाळली नाही, तर तो खर्च नाहीसा होत नाही, फक्त दुसऱ्याच्या अंगावर पडतो. २०१४ साली वालधुनी नदीत रसायन ओतले गेले, तेव्हा उल्हासनगरमधील अनेकांना श्वास घेणे कठीण होऊन रुग्णालयात जावे लागले. गणित फक्त लिहिलेल्या अटी पाळते. न लिहिलेल्या अटीची किंमत ते शून्य धरते.

बारवीच्या पाण्याचेही तसेच आहे. 'प्रत्येक लिटरमागे जास्तीत जास्त रुपये' एवढेच उद्दिष्ट ठेवले, तर कारखान्यांना पाणी मिळेल आणि घरातले नळ कोरडे राहतील, कारण घोटभर पिण्याच्या पाण्यातून नफा निघत नाही. म्हणून राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम आहे. गणिताच्या भाषेत सांगायचे, तर ते उद्दिष्ट फलात न टाकता अट म्हणून लिहायचे: प्रत्येक माणशी इतके लिटर आधी, उरलेल्याची वाटणी नंतर. 'इतके' म्हणजे किती, हे मात्र कोणतीही सिम्प्लेक्स सांगणार नाही. ते माणसांनी एकत्र बसून ठरवायचे असते.

वर्गात करून पाहण्यासाठी

या पद्धतीच्या मर्यादाही विद्यार्थ्यांना दाखवाव्यात. आपण गृहीत धरले, की दुप्पट बॅचेसना दुप्पट पाणी लागते. प्रत्यक्षात टाकी धुण्याचे पाणी दोन्ही वेळा सारखेच लागेल. सांडपाण्याची मर्यादा ३९ ऐवजी ४० हजार केली, तर क्ष ची किंमत १२.८ येते, आणि पॉइंट आठ बॅच काढता येत नाही. जवळची पूर्ण संख्या घेतली तर अट मोडते की नाही, हे मुलांनी तपासावे.

त्यानंतर शाळेतलाच एखादा प्रश्न घ्यावा. एक प्रयोगशाळा आणि सहा तुकड्या, एक मैदान आणि तीन खेळ, किंवा स्नेहसंमेलनाचा ठरावीक निधी. मुलांना आधी अटी लिहायला सांगाव्यात, आणि मग 'जास्तीत जास्त काय हवे?' हे विचारावे. कोणी म्हणेल जास्त मुलांना संधी, कोणी म्हणेल जास्त बक्षिसे. उद्दिष्ट बदलले की पट्टीचा कल बदलतो आणि ती दुसऱ्याच कोपऱ्यावर जाऊन थांबते. हे मुलांनी स्वतःच्या हाताने पट्टी सरकवून पाहिले, की 'हा निर्णय गणिताने घेतला' असे कोणी सांगितल्यावर ती पुढचा प्रश्न विचारतील: अटी कोणी लिहिल्या, आणि कोणती राहून गेली?