लव्हाळ्याची गाठ आणि गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग



उसात लव्हाळा माजला म्हणजे आपण माणसं लावून खुरपणी करून घेतो. रान स्वच्छ दिसतं. पण पुढच्या पाण्याला लव्हाळा पुन्हा डोकं वर काढतो, कारण पात निघाली तरी जमिनीतली गाठ तशीच राहिली. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाचंही काहीसं असंच आहे.

या रोगाच्या गाठीत सर्व पेशी सारख्या नसतात. थोड्या पेशी मुळासारखं काम करतात. त्या स्वतःसारख्या नव्या पेशी तयार करतात आणि बाकीची गाठही वाढवतात. शास्त्रज्ञ त्यांना कर्करोगाच्या मूळपेशी म्हणतात. त्यांचा भक्कम पुरावा प्रथम १९९० च्या दशकात कॅनडातील टोरांटो येथे रक्ताच्या कर्करोगात मिळाला. पुढे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगातही तशा पेशी आढळल्या.

औषधे व किरणे भराभर वाढणाऱ्या पेशींवर जास्त चालतात. मूळपेशी मात्र पुष्कळदा संथ असतात, औषध बाहेर टाकतात, किरणांनी झालेली मोडतोड दुरुस्त करतात. गाठ विरघळूनही काही जणींत रोग उलटतो, त्याचे हे एक कारण असावे, असे संशोधकांचे मत आहे. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणून उपचार मध्येच सोडू नयेत. ठरलेले सगळे ‘लाईट’ पुरे घ्यावेत, नंतरच्या तपासण्याही चुकवू नयेत.

पण शहाणा शेतकरी गाठी धरायच्या आधीच रान राखतो. हा रोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू बहुतेक जणींच्या अंगातून आपोआप जातो. काहींच्यात टिकतो, आणि कर्करोग व्हायला सहसा दहा-वीस वर्षे लागतात. एवढा अवधी आपल्या हातात असतो.

त्याचा उपयोग आपल्याच मुलखात दिसला. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, मुंबईचे टाटा रुग्णालय व बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांनी १९९९ पासून ४९७ गावांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष आला: ज्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केली, तिथे या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. मुलींना ९ ते १४ या वयात ती दिलेली उत्तम. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी हवीच.

आपल्या घरची बाई ‘हंगाम उरकू दे, मग बघू’ म्हणते. दुर्गंधीयुक्त अंगावरून जाणं, पाळीशिवाय किंवा संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं हे लाजेपायी अंगावर काढू नये. सभासद बंधूंनो, उसाची तोड चार दिवस पुढे गेली तर वजनात थोडं नुकसान होईल. घरच्या लक्ष्मीला दवाखान्यात न्यायला उशीर झाला, तर ते नुकसान कुठल्याच बिलात भरून निघायचं नाही.